भिंतीवरून टाकलेली तार

बंडूजींविषयी नानाजींना खरं म्हणजे फार थोडं माहीत होतं. नाचणगावात दोघांच्या अंगणांमध्ये एकच भिंत, तरी पलीकडचा माणूस कशाने हसतो, कशाने झुरतो, हे त्यांना कधी नीट कळलं नाही. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून जन्म गेलेला आणि बोलणं तिरकस, एवढंच.

२००७च्या उन्हाळ्यात बंडूजी पहिल्यांदाच काही मागायला आले. त्यांची बायको देवकाबाई लकव्याने खाटेला खिळली होती. मुलगा प्रफुल्ल मस्कतला. करार संपेपर्यंत सुटी नाही. त्याला एकदा डोळ्यांनी पाहायचं, एवढाच तिचा धोशा. प्रफुल्लने कॉम्प्युटर घेऊन दिला होता, पण बंडूजींच्या लाइनवर अजून इंटरनेट मिळत नव्हतं. नानाजींकडे होतं, आणि त्यांच्या मोडेममध्ये एक जागा रिकामी होती. भिंतीवरून एक वायर टाकली की झालं.

वायर विकत घ्यायची गरज नाही, घरी टेलिफोनच्या काळ्या तारेचं बंडल आहे, असं बंडूजी म्हणाले. त्यांनी तार अशी ताणून बांधली की कावळा बसला तरी हलू नये. टोकाला टेलिफोनची पिन लावली. मोडेमच्या मोठ्या खोबणीत ती सहज गेली. जोडणी झाल्याचा हिरवा दिवा मात्र लागला नाही.

नानाजींनी पुलगावच्या कॉम्प्युटरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, याला आठ तारांची नेटवर्क केबल लागते. टेलिफोनची पिन आत शिरते, पण जोडणी होत नाही. नानाजींनी हे बंडूजींच्या अंगणात जाऊन चाचरत सांगितलं.

"नानाजी, तुमी शाळा शिकवली. तारेचं मले सांगून राह्यले का?"

आतून देवकाबाई बोलली, "यायले खांबावरचं सारं समजते. घरातलं नाई."

बंडूजी हसले नाहीत. पुढे त्यांनी सांधे पुन्हा जोडले, पिना बदलल्या, दोष मोडेमचा म्हणून पाहिला, उन्हाचा म्हणून पाहिला. नानाजींनी एकदा पुन्हा विषय काढला, तर ते शिडी चढले. संध्याकाळ झाली की भिंतीपलीकडून देवकाबाईची विचारणा व्हायची, लागला का म्हणून. आणि दोन्ही म्हातारे त्या न लागलेल्या दिव्याकडे बघत उभे.

पावसाळ्यात देवकाबाईला दुसरा झटका आला. सेवाग्रामच्या दवाखान्यातून परत आणल्यावर बंडूजी कुणालाही न सांगता पुलगावला गेले आणि दोन्ही टोकांना पिना बसवलेली निळी केबल घेऊन आले. काळी तार उतरवली, निळी टाकली. हिरवा दिवा लगेच लागला.

पडद्यावर प्रफुल्ल आला. आई, आई, म्हणाला. देवकाबाईने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग नवऱ्याला हळूच विचारलं, "कोनाचं पोरगं आहे हे?"

बंडूजींनी पडदा जवळ सरकवला. आणखी जवळ सरकवला. तिने तोंड फिरवलं.

दिवाळीआधी ती गेली. निळी केबल भिंतीवर तशीच लोंबत राहिली. काढा असं म्हणायला नानाजींची जीभ रेटली नाही. त्या हिवाळ्यात बंडूजीही गेले. त्याआधी दोघांचं शेवटचं बोलणं झालं ते भिंतीपाशीच. बंडूजींच्या हातात जुनं काळं बंडल होतं.

"नानाजी, कपडे वाळू घालाले तार पाह्यजे का? मजबूत आहे."

"उद्या नेतो."

"घेऊन जाजा."