चार वायरी आणि पालीची वाट

हाताला पेट्रोलचा वास लागला की मला रत्नागिरीतल्या डॉक्टरांचं अंगण आठवतं. चौथीत शाळा सोडून मी घाटावरून तिथं आलो आणि पुढे त्यांचा ड्रायव्हर झालो. खाऱ्या हवेनं गाडीच्या प्लगांच्या वायरी तडकल्या होत्या, म्हणून एका सकाळी नवे प्लग आणि वायरी घालायला घेतल्या आणि घाईत जुन्या चारही वायरी एकदम उपटल्या. कुठली कुठं होती, आठवेना. तेवढ्यात पालीहून एक माणूस धापा टाकत आला. त्याची बायको बाळंतपणात अडली होती. डॉक्टरीणबाई कडाडल्या, "मेल्या, आता डॉक्टरांना काय पालखीतनं पाठवू?"  मग त्या माणसालाच गाडीच्या तोंडाशी हँडल फिरवायला लावलं आणि एकेक प्लग काढून त्याच्या भोकावर अंगठा धरला. आतली हवा अंगठा ढकलायची, तेव्हा प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधला काटा जिकडे असेल तिकडची वायर त्या प्लगची. अशा चारही लावल्या. गाडी पहिल्याच हँडलला सुरू झाली. पालीत मुलगी झाली, आई वाचली. मी बाहेर गाडीपाशी उभा होतो, तर डॉक्टरांनी हाक मारून मला ओटीवर आपल्या शेजारी बसवलं आणि घरच्यांना म्हणाले, "ह्यानं आणलं म्हणून पोचलो हो मी." अजूनही नवं काम हाती घेताना मला धास्ती वाटते, तेव्हा मी मनानं त्या ओटीवर क्षणभर बसून येतो.