मधलं नाव

माझ्या हातून फॉर्ममधला एकही रकाना रिकामा सुटत नाही. लंडनमधल्या इल्फर्डच्या आमच्या मराठी मंडळींत हे सगळ्यांना ठाऊक आहे. कौन्सिलच्या हाउसिंग खात्यात मी वीस वर्षं काढली. कुणाच्या सासूचा व्हिसा असो नाहीतर कुणाच्या नातीचा शाळाप्रवेश, लोक लॅपटॉप काखोटीला मारून माझ्याच स्वयंपाकघरात येतात. मी त्यांच्यावर ओरडते, त्यांना चहा देते आणि फॉर्म भरून देते. याचा मला गर्व होता. होता म्हणते, कारण आता जे सांगणार आहे ते मी त्याच गर्वापायी करून बसले.

मुलगा नोकरीसाठी मँचेस्टरला गेल्यावर त्याची खोली रिकामी पडली, म्हणून आम्ही भाडेकरू ठेवायचं ठरवलं. आली ती एक फ्रेंच मुलगी. चोवीस वर्षांची, काटकुळी, स्टेशनजवळच्या कॅफेत काम करणारी. शाळेची शेवटची काही वर्षं तिने इथेच काढली होती, त्यामुळे तिचे राहायचे कागद पक्के होते. ते मी पहिल्याच दिवशी उलटसुलट करून पाहिले. करार लिहिताना सवयीने वडिलांचं नाव विचारलं. ती दचकली. मग हळूच नाव सांगितलं आणि म्हणाली, हे कुणाला सांगू नका. मला त्यात लपवण्यासारखं काही दिसेना. ते नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

आमचे हे मात्र जुन्या फ्रेंच सिनेमांचे शौकीन. संध्याकाळी करार वाचला आणि चष्मा पुसत बसले. तिच्या आजोबांनी सिनेमे काढले, वडिलांनी त्यांत कामं केली, आई नटी, आत्या नटी. वडिलांचं पहिलं नाव जगावेगळं होतं. त्या धंद्यातल्या लोकांना आडनावाची गरजच पडत नसे, नुसतं ते नाव पुरे.

हळूहळू ती आमच्याबरोबर जेवायला बसू लागली. आम्ही इंग्रजीतच बोलायचो, पण आमच्याकडे येणाऱ्या मुलींचं ऐकून ती मला मावशी म्हणायला लागली आणि मलाही ते आवडलं. एकदा वरणभात खाता खाता तिने फोनवर एका वर्तमानपत्राचं कात्रण दाखवलं. विसाव्या वर्षी पॅरिसमध्ये तिने पहिलं नाटक केलं, त्याचं परीक्षण. तिने मला ते वाक्यावाक्याने समजावून सांगितलं. अर्ध्याहून जास्त मजकूर आजोबांवर, उरलेला वडिलांवर. तिचं नाव एकदाच, तेही कंसात.

म्हणून ती आजीचं माहेरचं आडनाव लावून लंडनला परत आली होती. तिची इच्छा एवढीशीच होती. इथल्या कुणीतरी तिला एकदा, फक्त एकदा, ती कोणाची कोण हे न कळता काम द्यावं. तीन वाक्यांचं असलं तरी चालेल. वडिलांचा नवा सिनेमा मार्चमध्ये सुरू होणार होता आणि त्यात तिच्यासाठी भूमिका राखून ठेवली होती. ते दर रविवारी फोन करत. फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं. इथे एक काम मिळालं तर मी ताठ मानेने घरी जाईन, आणि नाही मिळालं तर मला माझं उत्तर मिळेल, असं ती म्हणायची. या दुसऱ्या वाक्यानंतर ती पानातलं चिवडत बसायची.

हल्ली नटांना आधी कुणी समोर बोलावत नाही. प्रसंगाचा कागद पाठवतात, तो आपणच घरी फोनवर चित्रित करून पाठवायचा. त्याला सेल्फ-टेप म्हणतात. आमच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर करडी चादर ठोकली गेली. इस्त्रीच्या टेबलावर चार जाडजूड पुस्तकं, त्यावर फोन. समोरच्या पात्राची वाक्यं फोनच्या शेजारी उभं राहून कुणीतरी वाचायची असतात. ते काम माझ्याकडे आलं. मी तिचा मरणासन्न नवरा झाले, पोलीस झाले, एकदा तर चाकू घेऊन आलेला प्रियकर झाले. सगळ्यांना मी एकाच सुरात वाचायचे, कौन्सिलचं पत्र वाचावं तसं. ती कधी हसली नाही. माझ्याकडे बघून ती खरोखर रडायची, आणि मला माझ्या त्या सुराची लाज वाटायची.

टेप गेली की शांतता. नाही म्हणायचीसुद्धा तसदी कुणी घेत नसे. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. एका मालिकेत फ्रेंच मोलकरणीचं काम होतं, म्हटलं आता तरी मिळेल. ते एका इंग्लिश मुलीला मिळालं. तिचा फ्रेंच उच्चार म्हणे त्यांना जास्त पटला. माझ्या डोक्यात तिडीकच गेली, मी फोनवर कुणालातरी झाडायला निघाले होते. ती नुसती म्हणाली की असू दे. त्यानंतर ती खायची बंदच झाली म्हटलं तरी चालेल. जिन्याच्या पायरीवर फोन मांडीत घेऊन बसायची. जानेवारीत एकदा बाथरूममधून पाण्याचा आवाज थांबला तरी बाहेर येईना. मी दार वाजवलं. आतून म्हणाली, "मावशी, मला जमतच नसेल तर? बाबांच्या नावाशिवाय मी काहीच नसेन तर?" मी दाराला हात लावून उभी राहिले. मला तिची काळजी वाटत होती, आणि खरं सांगायचं तर भीती वाटत होती.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका नाटक कंपनीचं काम निघालं. मँचेस्टरपासून दौरा, छोटी भूमिका. टेप आम्ही आदल्या दिवशी केली आणि ती इतकी चांगली झाली की माझा सूरसुद्धा जरा हलला. फॉर्म मात्र भरायचा राहिला. दुसऱ्या दिवशी कॅफेत माणूस कमी म्हणून तिला सुटताच येईना. मुदत पाच वाजेपर्यंत. तिने चार वाजता फोन केला. मावशी, तुम्ही पाठवाल का? मला विचारायचं म्हणजे काय. मी पदर खोचून लॅपटॉपपुढे बसले.

पहिलं नाव. आडनाव, आजीचं. दोन्हींच्या मध्ये एक रकाना: मधलं नाव. तो रिकामा सोडला तरी चालणार होता. आपल्यात मधलं नाव म्हणजे वडिलांचं, त्याला विचार करावा लागत नाही. माझ्या बोटांनी ते टाइप करून टाकलं. इथवर सगळी सवय. मी सगळ्यांना एवढंच सांगत आले आहे. पण टाइप केल्यावर माझा हात थांबला होता. मी त्या नावाकडे पाहिलं. अर्धा मिनिट तरी पाहिलं असेन. पुसायला एक सेकंद लागला असता. मनात आलं, राहू दे, लागला उपयोग तर लागला, पोरगी दोन घास खाईल तरी. आणि मी बटण दाबलं.

पाच दिवसांनी बोलावणं आलं. ती स्वयंपाकघरात ओरडतच शिरली, मला मिठी मारली, ह्यांना मिठी मारली. त्या दिवशी तिने तीन पोळ्या खाल्ल्या. सांगायला तीच वेळ होती. ह्यांनी माझं तोंड पाहिलं आणि ती वर गेल्यावर मराठीत विचारलं, "काय केलंस तू?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "अगं, इट वॉज द ओन्ली थिंग शी आस्क्ड. जाऊन सांग तिला." मी म्हटलं, आता सांगून तिचा आत्मविश्वास घालवू का? ऑडिशन होऊ दे. मला वाटलं की नाटकवाल्यांच्या लक्षातच येणार नाही. असंख्य फॉर्म मी हाताळले आहेत, मधलं नाव कोण वाचतं?

ती ऑडिशनसाठी मँचेस्टरला जाऊन दुसऱ्या दिवशी दुपारी परतली. कोट न काढता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली. भूमिका मिळाली होती, तिथल्या तिथे दिली होती. दिग्दर्शकाने प्रसंग दोनदा करून घेतला, काही सूचना दिल्या, तिने त्या पाळल्या, सगळं छान चाललं होतं. मग त्याने कागद खाली ठेवला आणि हसून विचारलं, वडील कसे आहेत?

"त्यांना कसं कळलं, मावशी?"

मी सांगितलं. आमच्यात मध्ये वडिलांचं नाव लिहितात हे सांगितलं, माझं, ह्यांचं, आमच्या मुलाचं पूर्ण नाव म्हणून दाखवलं, जणू ती परीक्षाच घेत होती. ती ऐकत राहिली.

"तुम्ही मुद्दाम केलंत?"

"नाही गं. सवयीने झालं."

तिने मान हलवली. तिचा माझ्यावर विश्वास बसला, हेच मला अजून सहन होत नाही. ती म्हणाली, "मी चांगलं केलं होतं. मला वाटतं चांगलं केलं होतं. पण आता ते कळायची सोयच उरली नाही."

मी काहीतरी बरळले. घे ती भूमिका, लोकांना दाखवून दे, वगैरे. लोकांना काय दाखवायचं, असं तिने शांतपणे विचारलं. "मलाच पाहायचं होतं." मग ती आजवरच्या सगळ्या नकारांबद्दल बोलली. त्या नकारांवर तिचा विश्वास होता, म्हणाली. ते दुखायचे, पण ते तिचे स्वतःचे होते. हा होकार तिचा नव्हता.

तिने मँचेस्टरला नकार कळवला. रविवारी वडिलांचा फोन आला तेव्हा ती जिन्यात उभी होती. मला फ्रेंच येत नाही, पण हो म्हणतात ते कळण्याइतकं येतं. भिंतीवरची चादर तिने स्वतः काढून घडी करून दिली. निघताना मला वाकून नमस्कार केला, कुठे पाहिला होता कोण जाणे. मी तिला उठवून जवळ घेतलं आणि तेव्हाही खरं सांगितलं नाही.

नंतर मी न राहवून त्या नाटक कंपनीला पत्र लिहिलं. टेप पाहून निवड केली की नाव पाहून, एवढंच कळवा. उत्तर आलं, अगदी सभ्य: सर्व उमेदवारांचा विचार केवळ गुणवत्तेवर झाला होता. असली वाक्यं मी स्वतः कौन्सिलच्या कागदावर इतक्यांदा लिहिली आहेत की त्यांची किंमत मला कुणी सांगायला नको. ते पत्र मी तिला पाठवलं नाही.

पुढच्या वर्षी तो सिनेमा लंडनमध्ये लागला. रविवारी दुपारच्या खेळाला आम्ही दोघं गेलो. खाली इंग्रजी अक्षरं पळत होती. ती वडिलांच्या मुलीचंच काम करत होती. हसली, भांडली, एका प्रसंगात खूप रडली. आमच्या शेजारची एक बाई डोळे पुसत होती. बाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं की कसं केलं तिने.

मी सांगायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला माहीत नाही. दोन तास मी तिची हनुवटी, तिची चाल, तिचं मान वळवणं तिच्या वडिलांशी ताडून बघत बसले होते. तिच्याकडे मी पाहिलंच नव्हतं.