पहिले तीन दिवस कुणी मोजले?

वडखळच्या नाक्यावर पपांनी माझी बॅग मुंबईच्या गाडीत चढवली. विमानतळापर्यंत येतो म्हणून आठवडाभर सांगत होते, आणि ऐन वेळी म्हणाले, "आज उधाण हाय गो. मी वडखळच्या पुढं येत नाय." मला असा राग आला! पोटची पोर इस्रायलला चाललीय आणि ह्यांना खाडीच्या भरतीची पडलीय. गाडी हलली तसे खिडकीशी आले. "तिथं मोठे शिकलेले लोक हायत. त्यांना एक विचार. सूर्य देवानं चौथ्या दिवशी केला, मग पहिले तीन दिवस कुणी मोजले?"

मी मान डोलावली. सव्वीस वर्षं झाली, कुणाला विचारलं नाही. माझ्यासारखे जे ज्यू गाव सोडून इकडे आलात, त्या तुम्हाला हा प्रश्न म्हातारचळ वाटेल. पेण-रोह्याला आपली जी दोन-चार घरं उरलीत, त्यांना तो कुठून आला ते ठाऊक आहे.

गडबपासून खाडीकडे उतरलं की आमचं गाव. भाताची शेतं भरतीच्या पाण्याहून खाली, मध्ये फक्त मातीचा बांध. ज्याचं शेत त्यानं आपल्यापुरता बांध राखायचा. आमच्या शेजारचा तुकडा हुसेनचाचांचा. शुक्रवारी दुपारी चाचा नमाजाला गेले की त्यांचा बांध पपा बघत. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवार संध्याकाळपर्यंत आमचा शब्बाथ, कामाला हात लावायचा नाही, तेव्हा आमचा बांध चाचा बघत. ह्याची कधी बोलणी झाली नव्हती, आजोबांच्या वेळेपासून चालत आलेलं.

मी अकरा वर्षांची असताना एका शुक्रवारी संध्याकाळी चाचांचा निरोप आला. "ताप हाय, अब्रामभाऊ. उद्या तुझा बांध तूच बघ." त्या दिवशी रोह्याचे मामा आमच्याकडे मुक्कामाला होते. रोह्याच्या मशिदीत तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचायचा मान त्यांचा (आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणतात). दुसऱ्या दिवशी दुपारी भरती चढली आणि बांधावरून कुणीतरी ओरडलं, की आमच्या तुकड्यातून पाणी झिरपतंय. पपांनी फावडं उचललं. मामा दारात उभे राहिले. "सातव्या दिवशी देवानंसुद्धा कामाला हात लावला नाय. तू देवापेक्षा मोठा झालास काय रे?"

पपांनी फावडं भिंतीला टेकवून ठेवलं. ते ठेवताना मी त्यांना बघितलंय.

तासाभरात बांधाला खांड पडली. खारं पाणी आमच्या शेतातून चाचांच्या शेतात गेलं. संध्याकाळी आम्ही बघायला गेलो तर हिरव्या भातावर पाणी नुसतं उभं होतं आणि एकही बेडूक ओरडत नव्हता. पुढची तीन वर्षं दोन्ही शेतांत दाणा पिकला नाही. चाचांनी थोरल्या मुलाला दुबईला धाडलं. आम्हाला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर पपा सुटले असते, असं मला आज वाटतं.

त्यानंतर तोराच्या पहिल्या पानानं, सहा दिवसांत जग केल्याच्या गोष्टीनं, पपांना धरलं ते धरलंच. देवाला त्यांनी सोडलं नाही. उपास, नवसाचा मलिदा, सगळं यथासांग. पण देवाचा दिवस आपल्या कॅलेंडरातला नाही, म्हणायचे. "पाणी आणि जमीन तिसऱ्याच दिवशी वेगळी झाली ना? मग ही खाडी रोज दोनदा येते ती कशाला?" उधाणाच्या शनिवारी ते बांधावर जायला लागले. मामांनी आमच्याकडे येणं बंद केलं.

माझी मुलगी रिव्हका इथे बालवाडीत शिकवते. सहा दिवसांची सहा चित्रं तिनं स्वतः रंगवलीत. तिसऱ्यात डावीकडे निळं पाणी, उजवीकडे तपकिरी जमीन, मध्ये पट्टीनं मारलेली रेघ. असली रेघ मी आमच्याकडे कधी पाहिली नाही, पण छान आहे म्हणाले. तिचं घर, तिचे नियम. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत सगळ्यांचे फोन बंद होऊन खणात जातात. माझाही जायचा.

पंधरा दिवसांपूर्वी, अमावास्येच्या शनिवारी, शब्बाथ सुटल्यावर मी फोन चालू केला. सलीमचे अकरा मिस्ड कॉल. सलीम म्हणजे हुसेनचाचांचा धाकटा. चाचा गेले, थोरला अजून दुबईलाच. पपा बांधावरून घसरून छातीपर्यंत चिखलात रुतले होते. गावातली पोरं कंपनीत शिफ्टला, बांधावर चिटपाखरू नाही. सलीमनं दोर टाकून ओढून काढलं. "बाय, चिखलात असतानाच सांगत होते, तिला फोन लाव, काय सांगायचं हाय." मी लगेच पपांना फोन लावून विचारलं, काय सांगायचं होतं? "आता नाय आठवत," म्हणाले.

उद्या पौर्णिमा, पुन्हा शनिवार. सलीम विमानतळावर जाणार आहे, थोरला भाऊ कायमचा परत येतोय. पपा चौऱ्याऐंशीचे, आणि सलीम सांगतो, फावडं कालपासून दाराशी काढून ठेवलंय. नका जाऊ म्हणून मी विनवलं, रागावले, रडलेसुद्धा. शेवटी म्हटलं, निदान फोन खिशात ठेवा.

"ठेवतो," म्हणाले. "पण तू उचलशील काय? शनिवार हाय."

आज संध्याकाळी रिव्हकानं खण उघडून हात पुढे केला. मी फोन दिला नाही. पपांचा प्रश्न तिला विचारला, सव्वीस वर्षांनी, स्वयंपाकघरात. तिनं खण तसाच बंद केला. मग म्हणाली, "आई, तो फोन टेबलावर राहिला तर मुलं ह्या टेबलावर जेवणार नाहीत." तिनं ताटं उचलून आतल्या खोलीत नेली.

शब्बाथच्या मेणबत्त्या अर्ध्या झाल्यात. फोन त्यांच्या शेजारी, आवाज पूर्ण वाढवलेला. लिहिणंसुद्धा कामच, तेही मी करतेय. तिकडे उद्या दुपारी बाराला भरती पुरी चढेल, तेव्हा इथे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतील.

घर कुठलं म्हणून इथे कुणी विचारलं की मी पेण सांगते. खरं म्हणजे घर आता तो हातभर रुंदीचा बांध आहे आणि त्यावर चालणारा एक म्हातारा. उद्या फोन वाजला तर मी उचलणार आहे. नाही वाजला तर काय करायचं, ते मला सुचत नाही.