मोदकपात्रातला मंगळवासी

माझं लग्न ठरलं त्या रविवारी सकाळी मी तीन वेळा मेलो.

संप लांबला, मग आमची गिरणीच बंद झाली आणि मी एका टीव्ही मालिकेत मंगळावरचा माणूस झालो. (लालबागहून मंगळ लांब, पण स्टुडिओ वरळीला होता, चालत जाता येई!) मालिकेकडे पैसा नव्हता. यानाचं दार म्हणजे लोखंडी कपाट, नायकाची बंदूक म्हणजे सेलची बॅटरी, आणि डोक्यावरचं शिरस्त्राण ज्याने त्याने घरून आणायचं. पण कपाटातून बाहेर पडताना मला खरंच मंगळावर उतरल्यासारखं वाटायचं. फार प्रेम होतं माझं त्या कामावर.

तेवढ्यात डिलाईल रोडच्या सुलूचं स्थळ आलं. तिचे वडील तात्या माझ्यासारखेच गिरणीतून घरी बसलेले. त्यांची अट एकच: जावयाची नोकरी कायमची हवी.

"कायमचीच आसा!" आईने ठोकून दिलं. "रविवारी येवा, टीव्हीवरच बघा!"

आले की, तात्या आणि सुलू दोघंही! मागोमाग अर्धी चाळ आमच्या खोलीत शिरली. मी इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीला खेटून बसलो, ताडून बघायला सोपं जावं म्हणून.

"तो बघा, मी!"

"मेल्या, ह्या माझा मोदकपात्र!" आई किंचाळली. "गणपतीत घरभर शोधलंय मी!"

"शोभतंय ना पण?" मी म्हटलं.

इतक्यात नायकाने बॅटरी मारली आणि मी मेलो. पण काय मेलो! पाय झाडले, गडगडत कपाटापर्यंत गेलो, तोंडावरची मोदकाची जाळी उडाली आणि माझा चेहरा पडदाभर दिसला. टाळ्यांसाठी मी मान लववली. 

तात्यांनी बशी खाली ठेवली. "हो जावय तर मेलो. म्हंजे नोकरी सुटली?"

 तात्या उठून दारातल्या ढिगात स्वतःच्या चपला शोधू लागले. (अर्धी चाळ घरात शिरण्याचा हा एक फायदा.) एक सापडली, दुसरी सापडेना.

"बाबा, थांबा!" सुलू ओरडली. "ते परत आले!"

आलोच होतो! मालिकेला मंगळवासी परवडायचे मोजकेच. मेलेल्याने उठायचं आणि पुन्हा हल्ला करायचा. नायकाने पुन्हा मारलं. मी पुन्हा आलो, आता मोदकपात्र उलटं घालून. पुन्हा मेलो.

तात्या एका पायात चप्पल घालून खाली बसले.

"गिरणीन आमका जित्ते असताना परत घेवक नाय," ते हळूच म्हणाले. "हेका मेल्यार पण घेतत! नोकरी कायमचीच आसा."

मालिका लवकरच बंद पडली. पण लग्न त्याआधी लागलं.

अजूनही पाण्याचं पिंप भरायची वेळ झाली की मी निपचित पडून राहतो. अभिनय तसाच दमदार! सुलू बॅटरी आणते, माझ्या तोंडावर मारते आणि म्हणते, "मेलात ना? आता उठा. आपल्याकडेही माणसं कमीच आहेत."