डोळे मिटून कामावर

स्वप्ना गमरे मॅडमच्या तासाला पोरं झोपतात, अशी तक्रार आयटीआयच्या प्राचार्यांकडे दर वर्षी न चुकता जायची. तक्रार करणाऱ्यांचा तरी काय दोष? खिडकीतून सहज कोणी डोकावलं, तर वायरमन ट्रेडची अख्खी बॅच बाकांवर ताठ बसलेली, सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि समोर मॅडमचेही मिटलेले. याला शिकवणं म्हणायचं तर झोपेला काय म्हणायचं?

पण स्वप्ना शिकवतच होती. तिचा विषय एम्प्लॉयबिलिटी स्किल्स. म्हणजे नोकरीत वागावं कसं, साहेबाशी बोलावं कसं, मुलाखतीला जाताना शर्ट खोचावा की नाही. पुस्तकात हे सगळं होतं आणि ते पुस्तक वाचायला घेतलं की पोरं खरोखरच झोपायची. म्हणून तिने आपली वेगळी रीत काढली होती. तास सुरू झाला की ती म्हणायची, "चला, कामावर जाऊ." मग डोळे मिटायचे आणि तिच्या आवाजामागून चालायचं. बसमधून उतरा. गेटवर वॉचमन आहे, त्याला नमस्कार करा. सेफ्टी शूज घाला, नाड्या नीट बांधा. आता आत शिरा. काय दिसतंय? कोणाला मशीन दिसायचं, कोणाला रागीट सुपरवायझर. बंटीला कायम कँटीन दिसायचं आणि तिथे रोज मिसळच असायची.

तिला स्वतःला मात्र दर वेळी एकच कंपनी दिसायची. तिचे वडील शिवराम डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात होते. तो कारखाना बंद पडून जमाना झाला, पण जेवताना ते जे जे सांगायचे, ते सगळं तिच्या डोक्यात जसंच्या तसं उभं होतं. पिंपांच्या रांगा, चहाची घंटा, कपाळापर्यंत निळी-पिवळी झालेली माणसं आणि त्यांच्यामधून एकेकाला नावाने हाक मारत चाललेले बाबा. खरं तर ती तिथे कधीच आत गेली नव्हती. तरी भर दुपारी, वर पंखा कुरकुरतोय, लांबून शीळफाट्याच्या ट्रेलरचे हॉर्न येतायत आणि वर्गभर पोरं आपापल्या न मिळालेल्या नोकरीत मन लावून काम करतायत, अशा वेळी तिचा त्या कारखान्यातून पाय निघायचा नाही. तिच्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं सुख होतं, आणि त्याची तिला जराही लाज वाटत नव्हती.

बॅचमध्ये मुलगी एकच, प्रीती घाग. कामावरून परतायला तिला सगळ्यात उशीर. बाकीच्यांनी डोळे उघडून चुळबुळ सुरू केली तरी ही आतच. "प्रीती, ये गं आता," म्हटलं की डोळे मिटूनच म्हणायची, "आलेच मॅडम, टेस्टर जागेवर ठेवते." पोरं हसायची. स्वप्नाचा मात्र तिच्यावर जीव होता. आपल्यासारखीच वेडी आहे, असं तिला वाटायचं.

प्रीतीची आई मालन एमआयडीसीतच पॅकिंगच्या कामाला होती. पोरीने कारखान्यात जाऊ नये, मावशीच्या पार्लरमध्ये बसावं, असा तिचा हेका. का, ते ती सांगायची नाही. विषय निघाला की उठून भांडी घासायला घ्यायची. पुष्कळ रडारड झाल्यावर ती कशीबशी एका गोष्टीला कबूल झाली होती. शीळफाट्याजवळची विजेची पॅनेल बनवणारी कंपनी मुलाखती घ्यायला येणार होती. कंपनीने घेतलं तर जा, घरापासून जवळ तरी आहे. नाही घेतलं तर पार्लर, पुन्हा वायरचं नाव काढायचं नाही. पार्लरमध्ये वाईट काही नव्हतं, पण प्रीतीला लोकांच्या भुवया कोरायच्या नव्हत्या.

मुलाखती आयटीआयच्या ड्रॉइंग हॉलमध्येच होत्या. मुलांना आत पाठवायला स्वप्ना दाराजवळ खुर्ची टाकून बसली होती. टेबलामागे कंपनीचे वर्क्स मॅनेजर सुदेश परब, डोक्याला टक्कल आणि बोलणं मऊ. शेजारी लॅपटॉपवाला एचआरचा मुलगा. प्रीती आत आली, नमस्कार केला, सांगितल्यावर बसली. विचारलेली सगळी सर्किट तिने धडाधड सांगितली. स्वप्ना खुर्चीत जरा सैलावली.

मग परब म्हणाले, "समज, तुला घेतलं. पहिला दिवस आहे. काय काय करशील?"

आणि प्रीतीने डोळे मिटले.

हात कुठे ठेवायचे, आवाज केवढा ठेवायचा, सगळं स्वप्नाने पढवलं होतं. मुलाखतीत डोळे उघडे ठेवा, हे सांगायचं मात्र तिला सुचलंच नव्हतं. इतक्या वर्षांत ती वेळच आली नव्हती.

"चक्कर येतेय का हिला?" एचआरचा मुलगा पाण्याची बाटली घेऊन उठला.

"नाही नाही, सर," स्वप्ना मागून चाचरत म्हणाली, "ती... कामावर गेलीये."

परबांनी एकदा स्वप्नाकडे पाहिलं, एकदा प्रीतीकडे, आणि त्या मुलाला हाताने खाली बसवलं.

"गेटवर आलेय," प्रीती हळूच बोलायला लागली. "शूज घातले. मेन सप्लाय बंद आहे का बघितलं, कोणी चालू करू नये म्हणून टॅग लावला. पॅनेल उघडलंय. वायरींना नंबर घालतेय, सर. उजवीकडे खिडकी आहे, तिथून उजेड छान येतो." परबांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या वर्कशॉपमध्ये उजवीकडे खिडकी होती की नाही कोण जाणे, पण तेही आता तिच्यामागून चालत होते.

मध्येच ती थांबली. कपाळाला आठ्या पडल्या.

"काय झालं?" परबांनी विचारलं.

"बाथरूम शोधतेय, सर."

एचआरचा मुलगा फिस्सकन हसला.

"एका दारावर जेन्ट्स लिहिलंय," प्रीती म्हणाली. "पुढे भिंत आहे. फिरून परत आले. दुसरं कुठे दिसतच नाहीये."

परब हसले नाहीत. आणि मागे बसल्या बसल्या स्वप्ना वडिलांच्या कारखान्यात शिरली, पिंपांच्या रांगांमागे जाऊन तिने बघितलं, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकांसाठीचं दार तिथेही नव्हतं. इतकी वर्षं ती तिथे जात होती. तिच्याशिवाय एकही बाई तिला त्या कारखान्यात कधी दिसली नव्हती, आणि दिसत नाही हेसुद्धा कळलं नव्हतं. तिथे ती एका तासापुरती जायची. तेवढ्यात कुठे कोणाला अडचण होते?

"खाली वर्कशॉपमध्ये लेडीज नाहीच आहे," परब सावकाश म्हणाले. "वर ऑफिसला आहे एक. त्याला कुलूप असतं." मग टकलावरून हात फिरवत म्हणाले, "मागे दोन मुली आल्या होत्या आमच्याकडे. टिकल्या नाहीत. घरी अडचण आहे, म्हणाल्या. मी खरं धरून चाललो."

प्रीतीने डोळे उघडले. समोर खरोखरचे साहेब बघून ती घाबरलीच. "सॉरी सर."

"सॉरी कशाला? मुलगी कामाची आहेस तू. मी खाली बांधून घेतो. दोन महिने थांबशील?"

"मी थांबेन, सर. पण आईला तुम्ही सांगा ना. मी सांगितलं तर तिला वाटेल, घेतलं नाही म्हणून बनवतेय."

परबांनी तिथल्या तिथे फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे मशीनचा खडखडाट आणि मालनचा घाईतला आवाज. परबांनी सगळं सांगितलं. मुलगी हुशार आहे, घ्यायची आहे, पण बायकांसाठी खाली सोय नाही. तिनेच लक्षात आणून दिलं. सोय झाली की बोलावतो.

मालनने आवाज खाली आणला.

"साहेब," ती म्हणाली, "मी कामावर येते त्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाही. पोरीला कधी बोलले नाही मी हे." मागे मशीन चालूच होतं. "बांधा तुम्ही. पाठवते मी तिला."