भुवईवरचं टचिंग

उमादेवीला सिनेमाचं वेड नव्हतं, आणि सुरुवातीची नावं वाचत बसायचं तर मुळीच नाही. नावं लागली की उठून कुकर बघून यावा आणि खरा सिनेमा सुरू झाला की येऊन बसावं, हा तिचा जन्माचा शिरस्ता. पण सून दीपाली लातूरच्या कॉलेजात पोरांना सिनेमा शिकवते, आणि सोमवारच्या तासाला तिला नेमकं त्या नावांवरच बोलायचं होतं. शनिवारी ती औशाला आली, घरच्या फोटो स्टुडिओच्या काउंटरवर लॅपटॉप उघडला आणि सासू-सासऱ्यांना समोर बसवलं.

"खुनाचा नवा सिनेमा आहे, आई, सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतोय. पण पहिल्या दोन मिनिटांतच सगळं सांगून टाकलंय. बघा तर."

"दोन मिनिटांत सांगितलंय, तर पुढचे दोन तास कशाला काढले?"

दीपाली हसली. पडदा काळा होता. आधी नुसता आवाज आला, कात्रीचा. कच्च, कच्च.

"काय कापतायत ते दाखवलेलं नाही. म्हणून भीती वाटते," दीपाली म्हणाली.

मग कात्री दिसली, कात्रीखाली फोटो. जुने, काळे-पांढरे, फॉर्मवर चिकटवायचे फोटो. एकेक फोटो भिंतीवर टाचणीनं टोचला जात होता, एका चेहऱ्यापासून दुसऱ्याकडं लाल दोरा जात होता, आणि नटाचं नाव आलं की एका चेहऱ्यावर लाल फुली पडत होती.

"नाव नटाचं, चेहरा मात्र कुणा अनोळखी माणसाचा. हीच तर गंमत आहे."

कसले अनोळखी? तिसरा फोटो बँकेतल्या शिपायाचा होता, पाचवा अडतीवरच्या हमालाचा. उमादेवी काउंटरला धरून उठली.

"अहो! हे आपल्या पेटीतले फोटो आहेत!"

"आपलेच की," गुरुपादप्पा खूश होऊन म्हणाले. "किल्ल्यात शूटिंगला आलेली पोरं पेटीच घेऊन गेली. जुने चेहरे पाहिजेत म्हणाली. चांगली पोरं होती गं, चहासुद्धा घेतला नाही."

"मला विचारलंत?"

"तुझा डोळा लागला होता."

"माझा डोळा लागला की तुमची अक्कलही घोरायला लागते."

गुरुपादप्पांची एक सवय होती. गिऱ्हाईकाच्या फोटोची एक कॉपी ते स्टुडिओत ठेवून घेत. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. चाळीस वर्षांत त्या कॉप्यांनी पत्र्याची पेटी भरली होती.

दीपालीनं चित्र थांबवलं. पडद्यावर एका तरुण बाईचा चेहरा होता. डोक्यावर पदर, नजर सरळ.

"आता हे बघा. बाकी सगळ्या फोटोंवर समोरून उजेड टाकलाय, ह्या एकाच फोटोवर तिरपा. त्यामुळं कोपऱ्यातला उठावाचा शिक्का वाचता येतो. 'उमा फोटो, औसा.' बघणाऱ्याला वाटतं, ही बाई खरी असणार, खऱ्या गावची."

बाई खरीच होती. जिवंत होती, आणि ह्या घटकेला बसस्टँडमागच्या खानावळीत भाकरी थापत होती.

"किती वेळ दिसते?"

"अडीच सेकंद. का हो?"

अडीच सेकंद. शोधणाऱ्या माणसाला तेवढी पुष्कळ झाली.

वीस-बावीस वर्षांपूर्वी ही बाई कडेवर पोर घेऊन स्टुडिओत आली होती. पोरीच्या शाळेच्या फॉर्मवर आईचा फोटो हवा होता. नाव सांगितलं तारामती. डाव्या भुवईवर बोटभर लांब व्रण होता, भुवई मधोमध फाटलेली. "अक्का, एवढं तेवढं येऊ देऊ नका," ती म्हणाली. फोटो गुरुपादप्पा काढत, पण निगेटिव्हवरचं टचिंग उमादेवीचं. भिंगाखाली निगेटिव्ह धरून, टोकदार पेन्सिलीनं केसासारखे ठिपके देत तिनं शेकडो मुलींच्या पुटकुळ्या घालवल्या होत्या. त्यांतल्या निम्म्या स्थळांना पसंत पडल्या त्या पेन्सिलीमुळं. त्या दिवशी तिनं भुवई सांधून दिली. पुढं ओळख वाढल्यावर बाईनं खरं सांगितलं. तिचं नाव नागाबाई. गाव नांदेडकडचं, हिमायतनगरजवळ. नवऱ्यानं, सटवाजीनं, विळा मारला. तिनं कोर्टात उभं राहून साक्ष दिली, त्याला सात वर्षांची झाली. जाताना तो एवढंच बोलला होता, "सुटल्यावर पुरं करतो."

सुटून त्याला किती तरी वर्षं झाली होती. जत्रा, लग्नं, बाजार, सगळीकडं तो विचारत फिरतो, असं तिच्या कानावर येत असे.

रविवारी सकाळीच उमादेवी खानावळीत गेली आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. तारामतीचा हात परातीतच राहिला. तव्यावरची भाकरी करपली.

"गाव दिसतंय का, अक्का?"

"दिसतंय."

"मग येतोय तो."

"चार दिवस दुसरीकडं जा."

"कुठं? पुनम दवाखान्यात नर्स हाय, तिची नोकरी सोडवू? तवा ती कडेवर मावत होती. आता न्हाई मावत." तिनं करपलेली भाकरी बाजूला टाकली. "कुणाला काय बी सांगू नका, एवढंच करा."

उमादेवी घरी आली ती नवऱ्याला दम भरूनच. "कुणी काही विचारलं तर तुम्ही बहिरे. कळलं?"

"आणि तुला विचारलं तर?"

"मी बघते."

बघणार काय, कपाळ! त्या चार दिवसांत नांदेडकडून कुणीही पाव्हणा उतरला की ती दारात येऊन त्याला निरखायची. दारात सावली पडली की हातातला चहा सांडायचा.

गुरुवारी दुपारी तो आला. उमादेवीला वाटलं होतं मोठा दांडगा गडी असेल. हा वाळका, पांढऱ्या टोपीचा, चपला दाराबाहेर काढून आत येणारा म्हातारा. त्या चपलांनीच ती जास्त घाबरली.

"मावशी, हा शिक्का तुमचाच का?" त्यानं मोबाइल पुढं केला. तीच बाई, तोच तिरपा उजेड. "भाच्यानं वाचून दावलं."

"आमचाच. कोण ही?"

"बायको हाय माझी. चौदा-पंधरा साल तलाश करून राहिलो."

गुरुपादप्पांनी तोंड उघडलं. उमादेवीनं काउंटरखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

"काही खूणबीण?"

त्यानं स्वतःच्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं. "हितं. विळ्याची."

"मग बघा की मोठं करून."

त्यानं दोन बोटांनी चेहरा मोठा केला. पडदाभर एक भुवई. सलग, काळीभोर, कुठं तुटलेली नाही. बराच वेळ तो बघत राहिला.

"चेहरा तर तोच हाय," तो पुटपुटला.

"एका तोंडवळ्याची माणसं ढीगभर असतात. चाळीस वर्षं हेच बघतेय मी. खूण आहे का? नाही ना? मग?"

"खूण जात नसती, मावशी." त्याचा आवाज अगदी मऊ होता. "म्या सोता मारलेली हाय. हाडापस्तोर."

"तेच म्हणते. फोटो काय खोटं बोलतो?"

तो दाराकडं वळला, आणि उमादेवीची नजर त्याच्या टोपीवरून वर गेली. दाराच्या वर, तिच्या अगदी समोर, जुना पत्र्याचा बोर्ड लटकत होता. चार दिवसांत एकदाही आठवला नव्हता. 'येथे फोटोवरील डाग, देवीचे वण, जखमेच्या खुणा काढून मिळतील.' अक्षरं तिचीच, ठसठशीत.

सटवाजीनं मान वर केली. बोर्डाकडं बघत उभा राहिला. त्याचे ओठ हलले का? शिक्का भाच्यानं वाचून दाखवला म्हणाला. मग ह्याला वाचता येत नसेल. की नुसतं नजरेला बारीक दिसत नसेल? ही अक्षरं तर वीतभर होती.

"नांदेडची गाडी कवा हाय?" त्यानं मान वळवून विचारलं.

"आत्ताच. सोलापूरहून येते. चुकवू नका."

त्यानं सावकाश चपला घातल्या आणि गेला.

"तू चक्क खोटं बोललीस," गुरुपादप्पा म्हणाले.

"आधी तो बोर्ड उतरवा!"

ती मागच्या गल्लीनं स्टँडवर आली आणि उसाच्या रसाच्या गाड्याआड उभी राहिली. गाडी लागलेली होती. मागं खानावळीचं अर्धं शटर दिसत होतं. त्याच्या आतून भाकरी थापल्याचा आवाज, एकसारखा. सटवाजीनं खानावळीकडं पाहिलं. पाणी मागायला म्हणून दोन पावलं तिकडं गेलासुद्धा. कंडक्टरनं घंटी दिली आणि तो परत फिरून गाडीत चढला.

गाडी वळताना तो खिडकीत दिसला. मोबाइल डोळ्यांजवळ धरला होता, आणि अंगठा थुंकीनं ओला करून तो मोबाइलची काच घासत होता, एकाच जागी, पुनःपुन्हा. वर बसलेली धूळ पुसली तर खालची खूण दिसेल, तसा.