ऐकून राहिली

"सांगा ना जी, मी ऐकून राहिली," असे म्हणताना ती मान किंचित उजवीकडे झुकवीत असे. समोर माणूस असो वा नुसता फोन.

ती यवतमाळकडची. कोथरूडला आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर मैत्रिणींबरोबर भाड्याने राहत असे. मोबाइल फोन तेव्हा नुकते घरोघर येऊ लागले होते आणि ग्राहकांच्या तक्रारी ऐकून घेण्याच्या नोकऱ्या पुण्यात निघाल्या होत्या. तशाच एका नोकरीच्या मुलाखतीचे तिला बोलावणे आले होते. वडिलांनी निक्षून सांगितले होते, दसऱ्यापर्यंत काम लागले नाही तर गावी परत यायचे. तिला परतायचे नव्हते.

वरच्या खोलीत निवांतपणा नाही, म्हणून ती दिवेलागणीनंतर आमच्याकडे सरावाला येई.

"आजोबा, तुम्ही चिडलेलं गिऱ्हाईक व्हा ना जी."

आयुष्यभर संस्कृत शिकवले. संतापाचा अभ्यास राहूनच गेला. तरी आवाज चढवून मी म्हणालो, "महोदया, आपल्या सेवेने मी अत्यंत व्यथित झालो आहे."

ओढणी तोंडाला लावून ती हसत सुटली. "बाप्पा! असं कोणी चिडते काय जी?"

तेवढ्यात आमची पत्नी हात पुसत बाहेर आली. तिचे माहेर पुण्याच्या पेठेतले. "सरका तुम्ही," ती मला म्हणाली आणि मुलीकडे वळली. "काय हो बाई, आमचा फोन मुका आहे, बिल मात्र न चुकता बोलतं. तुमच्याकडे कुणी जागं असतं, की आम्हीच येऊन उठवायचं?"

मुलगी गांगरली. मग मान झुकली. "सांगा ना जी, मी ऐकून राहिली."

"ऐकून राहिली नव्हे, ऐकत आहे! पुण्यात नोकरी हवी ना?"

त्या दिवसापासून जिन्यावर येता-जाता "मी ऐकत आहे, मी ऐकत आहे" असे पाठांतर ऐकू येऊ लागले. माझ्या मनात मात्र दुसरेच घोळत होते. 'ऐकत आहे' यात केवळ क्रिया आहे. 'ऐकून राहिली' म्हणणारी व्यक्ती ऐकून निघून जात नाही, तिथेच थांबते. नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान दिले आहे, ते अशाच थांबणाऱ्यासाठी असावे. पण मुलाखत तिची होती.

वाचकहो, ऐन वेळी सगळे पाठांतर विसरणारी माणसे आपणही पाहिली असतील. मुलाखतीच्या दिवशी शेजारच्या खोलीतून तिथल्या साहेबांनी फोन केला आणि ग्राहक होऊन तिच्यावर मनसोक्त ओरडले.

"अन् माझ्या तोंडून तेच निघालं, आजी! ऐकून राहिली!" पेढ्यांचा पुडा हातात धरून ती सांगत होती.

"मग?"

"त्यांचं ओरडणंच थांबलं. मग म्हणे, गाव कोणतं?"

नोकरी त्या वाक्यामुळे मिळाली की ते असूनही, हे तिला कधीच कळले नाही. पत्नीने पहिला पेढा देवापुढे ठेवला, दुसरा तिला भरवला आणि म्हणाली, "व्याकरण सुधार हो मात्र."

पुढे ती कचेरीजवळ राहायला गेली. आमची संध्याकाळ पूर्ववत शांत झाली.

परवा दिवेलागणीला फोन वाजला. चुकीचा नंबर. पलीकडचे वृद्ध गृहस्थ गॅसचे सिलिंडर न आल्याबद्दल फार तावातावाने बोलत होते. त्यांना थांबवण्याऐवजी माझी मान आपोआप उजवीकडे झुकली.

"सांगा ना जी," मी म्हणालो, "मी ऐकून राहिलो."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, व्याकरण!"